सात नंबरची काठी आणि दोन व्याही

मी सात नंबर बोलतेय. गोल्फच्या काठ्यांना नावं नसतात, हजेरीपटासारखे नंबर असतात. एक नंबर सगळ्यांत लांब मारते आणि मिरवतेही सगळ्यांत जास्त. नऊ नंबर जवळचं काम करते. मी मधली. मधल्या मुलीचं घरात जे होतं तेच पिशवीत माझं व्हायचं. कामाला पुढे, फोटोला मागे.

माझं डोकं पोलादाचं, दांडाही पोलादाचा. मूठ रबराची, आजवर दोनदा बदललेली. डोक्यावर अकरा ओरखडे आहेत. प्रत्येकाचा दिवस मला पाठ आहे, पण सगळे सांगत बसले तर संध्याकाळ होईल.

माझा पहिला मालक परदेशी इंजिनीअर होता. अल्माटी शहराच्या वर डोंगरात रस्त्याच्या कामावर आला होता. सुट्टीला तो उशबुलाकच्या मैदानावर खेळायला यायचा. मैदान हे आपलं म्हणायला. तो एकोणीसशे मीटर उंचीवरचा डोंगराचा उतार आहे. त्यावर अठरा ठिकाणी हिरवळ बारीक कापून मधे भोक पाडलंय आणि झेंडा रोवलाय. चेंडू भोकात गेला की एक होल संपला, आणि ज्याने कमी फटक्यांत घातला त्याचा तो होल. असे अठरा होल. इंजिनीअर चौदाव्यावर चुकला. चूक त्याच्या मनगटाची होती, पण माणसाला स्वतःचं मनगट फेकता येत नाही, म्हणून त्याने मला ओढ्यात फेकलं. पुढच्या आठवड्यात तो मायदेशी गेला. मी हिवाळाभर बर्फाखाली दगडगोट्यांच्या सोबतीने पडून राहिले.

एप्रिलात तोलेबायने मला बाहेर काढलं. तो मैदानाला पाणी देणारा माणूस. आता वयाने साठी ओलांडलेला, पण मी त्याला अरेतुरेच करते. ज्याच्या तळहाताचा घाम आठ वर्षं अंगावर वागवला, त्याला अहोजाहो कसलं? नोकरीत असताना तो डोंगरावरची तळी सांभाळायचा. बर्फ वितळून तळं भरलं की फुटतं आणि चिखलाचा लोंढा गावावर येतो. तो कुठून येईल, कुठे वळेल हे ओळखायचं त्याचं काम. एकतीस वर्षं तो पाण्याच्या मागे चालला. त्यामुळे जमीन बघितली की त्याला आधी उतार दिसायचा आणि मग गवत.

पहिला उन्हाळा त्याने मला पाटातलं शेवाळ ओढायला वापरलं. मी बोलले नाही. पोलादाला लाज नसते असं लोकांना वाटतं, पण ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी पाटाच्या कडेला एक हरवलेला चेंडू दिसला, तोलेबायने इकडेतिकडे पाहिलं आणि मला फिरवलं, तेव्हा माझ्या अंगातून जी झिणझिणी गेली तिच्यापुढे शेवाळ कुठल्या कुठे गेलं. चेंडू एकशे चाळीस पावलांवर पडला. तोलेबाय मोजत गेला. मोजल्याशिवाय त्याला चैनच पडत नाही.

पहिली दोन वर्षं त्याच्याकडे मी एकटीच होते. सगळे सभासद घरी गेले की तो माझ्यावर अठरा होल खेळायचा. नंतर कोणी जवळचे, उंच फटके मारायची जुनी पाचर काठी दिली, कोणी हिरवळीवर चेंडू ढकलायची सपाट काठी दिली. तीन काठ्यांचा संसार झाला. पण डावपेच सगळे माझ्याच भोवती रचले गेले होते, आणि ते मला आजही तोंडपाठ आहेत.

इथली हवा विरळ, चेंडू नेहमीपेक्षा दहा पावलांत एक पाऊल जास्त जातो, म्हणून अंगातला जोर घरी ठेवून यायचं. सकाळी वारा डोंगरावरून खाली वाहतो आणि दहा वाजता उलटा फिरतो. तो झेंड्यावर बघायचा नाही, देवदारांच्या शेंड्यांवर बघायचा. चेंडू पायांपेक्षा वर असेल तर डावीकडे पळतो, खाली असेल तर उजवीकडे. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही. मागे एवढा मोठा डोंगर उभा असतो की डोळा चळतो. हिरवळ डोंगराकडे कललीय असं वाटतं, आणि चेंडू मात्र दरीकडेच जातो. म्हणून झेंड्याकडे मारायचंच नाही. वरच्या अंगाला मारायचं. वर चुकलं तर उतार चेंडूला परत आणतो. खाली चुकलं तर ओढा आहेच.

आता मेइरखानबद्दल सांगते. तोलेबायची मुलगी झाऊरे शहरात दिली, तिचा हा सासरा. अंगाने भरलेला, आवाजाने त्याहून भरलेला, टायरच्या तीन दुकानांचा मालक. मनाने चांगला. गोल्फ तो अलीकडे शिकला होता, शहराजवळच्या सपाट मैदानावर. पिशवी चामड्याची, चौदा काठ्या, सगळ्या चकचकीत. त्यातल्या एक नंबरला त्याने चक्क नाव दिलं होतं, बुरकूट. बुरकूट म्हणजे शिकारी गरुड. काठीला नाव! आम्ही बाकीच्या काय मग कोंबड्या?

मे महिन्यात व्याही मंडळी तोलेबायच्या घरी आली. मी जर्दाळूच्या झाडाला टेकून उभी होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं. नात अकबोता अकरा महिन्यांची होती, टेबलाचा पाय धरून उभी राहायला लागली होती. आमच्याकडे मूल उभं राहिलं की त्याच्या पायांना काळ्या-पांढऱ्या पिळाची दोरी बांधतात आणि कोणीतरी ती कापतं. कापणाऱ्याची चाल मुलाच्या पायांत उतरते. म्हणून दोरी कोण कापणार यावर घराघरांत खल चालतो.

"मी कापणार," मेइरखान चहाची वाटी ठेवत म्हणाला. "आजोबा आहे मी तिचा."

"आम्ही काय शेजारी?" तोलेबायची बायको कुल्पाश म्हणाली. "व्याहीबुवा, राग मानू नका, पण तुम्ही कापलीत तर पोरगी बदकासारखी चालेल."

मेइरखान मोठ्याने हसला. तोलेबाय हसला नाही. तो हळू आवाजात म्हणाला, "मुलगी तुमच्या घरात वाढणार. नाव तुमच्या घराचं, बोलणं तुमचं, सवयी तुमच्या. आमच्याकडे येईल ती उन्हाळ्यात आठ दिवस. तिच्यात माझं म्हणून काहीतरी असू दे. चाल तेवढी द्या."

कुल्पाशने मान खाली घातली. पण मेइरखानचीही ती पहिलीच नात होती. "मान असा मागितला म्हणून देता येत नाही हो व्याही," तो म्हणाला. "नाहीतर आमचे भाऊबंद म्हणतील, घरचा आजोबा जिवंत असताना..."

झाऊरेने मुलीला कडेवर घेतलं. "तुमचं तुम्ही ठरवा. समारंभ जूनच्या तिसऱ्या रविवारी, इथेच अंगणात आहे. तोवर नाही ठरलं तर मी शेजारच्या पोस्टमनला बोलावेन. तो झपझप चालतो."

मग मेइरखानच्या डोळ्यांत चमक आली. "व्याही, तुम्ही खेळता ना? आदल्या दिवशी, शनिवारी, तुमच्याच मैदानावर. ज्याचे होल जास्त, दोरी त्याची."

शनिवार उजाडला. सकाळी सातला वारा वरून खाली वाहत होता. होल मोजायला कुल्पाश सोबत निघाली. आमचा माणूस तीन काठ्या काखेत मारून आला होता. मेइरखानची पिशवी बघून कुल्पाश म्हणाली, "अहो व्याही, मुक्कामाला आलात का?"

पहिल्याच होलवर पाहुण्याला मान दिला. बुरकूटने असा आवाज केला की देवदारातले कावळे उडाले. चेंडू ओढ्यावरून गेला, हिरवळीवरूनही गेला आणि पलीकडच्या काटेरी झुडपात शिरला. सपाट मैदानावर तो बरोबर हिरवळीपुढे पडला असता.

"किती लांब गेला बघितलं?" मेइरखान म्हणाला.

"बघितलं," कुल्पाश म्हणाली. "आता शोधा."

तोलेबायने मला हलकेच फिरवलं, चेंडू ओढ्याच्या अलीकडे थांबवला, मला पुन्हा फिरवलं, तो हिरवळीच्या वरच्या अंगाला टाकला. चेंडू रांगत रांगत झेंड्याशी आला. सकाळभर हेच चाललं. मेइरखान डोंगराशी कुस्ती खेळत होता आणि तोलेबाय डोंगराच्या कलाने घेत होता. सातव्या हिरवळीवर मेइरखानने गुडघ्यावर बसून, एक डोळा मिटून उतार बघितला आणि चेंडू नेमका उलट्या बाजूला मारला. चेंडू दरीकडे चालता झाला. "ही जमीन खोटं बोलते!" तो ओरडला.

नऊ होल झाले तेव्हा आम्ही तीन होलनी पुढे होतो. मला तर दोरी कापल्याचा आवाजसुद्धा ऐकू यायला लागला होता.

नवव्याशेजारी ओढ्याकाठी कुल्पाशने दस्तरखान, म्हणजे जेवणाची चादर, अंथरली. तळलेल्या पिठाचे बाउरसाक, घोड्याच्या मांसाचं काझी नावाचं सॉसेज, दूध घातलेला चहा. मेइरखान खेळात मागे होता, पण जेवणात नव्हता. चौथी वाटी झाल्यावर त्याने हात पुसले, गवतावर पडलेल्या मला उचललं आणि दोन बोटांवर तोलून धरलं.

"व्याही," तो म्हणाला, "काठी म्हणावी तर अशी! काय तोल आहे हिचा! माझ्या चौदात अशी एक नाही."

कुल्पाशचा किटलीवाला हात हवेतच थांबला. कारण आमच्याकडे पाहुण्याने, त्यातून व्याह्याने, घरातल्या वस्तूची स्तुती केली की ती वस्तू त्याची होते. घोडा असो, गालिचा असो. हे कुठे लिहिलेलं नाही, पण ओठांना सवय असते. तोलेबायच्या ओठांना त्रेसष्ट वर्षांची सवय होती. डोक्याने काही विचार करायच्या आत ते बोलून गेले.

"आवडली? मग तुमचीच झाली."

"अहो..." कुल्पाश पुटपुटली.

मेइरखानने मला मुद्दाम मागितलं का? कुल्पाश आजही म्हणते की हो. मी त्याच्या हातात होते. तो तळहात लबाडाचा नव्हता. त्याला मी खरंच आवडले होते, आणि तोलेबायचं वाक्य ऐकून तो तोलेबायपेक्षा जास्त दचकला होता. पण दिलेली भेट नाकारणं म्हणजे व्याह्याचा अपमान. आणि रिकाम्या हाताने भेट घेणंही बरं नाही. तो पिशवीशी गेला, बुरकूट बाहेर काढली आणि दोन्ही हातांवर आडवी धरून पुढे केली.

"मग ही तुमची."

गोल्फच्या नियमांत हे बसत नाही म्हणे. पण नियम लिहिणाऱ्यांना व्याही नसावेत.

तर अशी मी भर लढतीत सासरी गेले. चामड्याच्या पिशवीत तेरा चकचकीत जणी माझ्याकडे बघत होत्या. कोणी सरकून जागाही दिली नाही.

दहाव्या होलवर तोलेबायच्या हातात बुरकूट. मी मनात म्हणत होते, ठेव ती, पाचर घे, दोन फटक्यांत जा. त्याने बुरकूट फिरवली. आणि हाय रे दैवा, फटका इतका सुंदर बसला की चेंडू आकाशात बारीक होत गेला आणि हिरवळीपुढे बरोबर मधे उतरला. तोलेबायने आयुष्यात एवढा लांब चेंडू पाठवला नव्हता. तो होल त्याने जिंकला. आम्ही, म्हणजे ते, चारने पुढे गेले. आणि तिथेच माणूस बिघडला.

अकराव्यावर बुरकूट, चेंडू देवदारात. बाराव्यावर बुरकूट, चेंडू ओढ्यात. कुल्पाश म्हणाली, "अहो, पाचर घ्या ना." तो म्हणाला, "थांब गं, आता हात बसतोय." पुरुषांचा हात नेहमी आताच बसत असतो.

इकडे मेइरखानने मला पहिल्यांदा जोरात फिरवलं तेव्हा मी चेंडू तीस पावलं घरंगळत नेला. मुद्दाम नव्हे. मला तशी सवयच नाही. त्याने मला वर धरून माझ्याकडे बघितलं, आणि मग असं काही केलं की ज्याची कोणी अपेक्षा केली नव्हती. त्याने विचारलं.

"व्याही, हिच्यावर तुम्ही इथून कुठे मारता?"

आता पाहुण्याने वाट विचारली आणि यजमानाने सांगितली नाही, असं आमच्या डोंगरात घडत नाही. तोलेबायने सांगितलं. तेही खरं सांगितलं, कारण उताराबद्दल खोटं बोलणं त्याला जमतच नाही. एकतीस वर्षांच्या नोकरीत उताराबद्दल खोटं बोलला असता तर गाव वाहून गेलं असतं.

"वाऱ्याकडे बघा. शेंडे बघा, फिरलाय तो. त्या वाकड्या झाडाच्या वर मारा. अर्धाच जोर."

"अर्धा?"

"त्याहून कमी."

मेइरखानने तसं केलं. चेंडू वरच्या अंगाला पडला आणि शहाण्या मेंढीसारखा खाली हिरवळीवर आला. या वेळी मेइरखानने किती लांब गेला ते विचारलं नाही.

पुढच्या होलवर पुन्हा, "व्याही, इथून?" आणि पुन्हा खरं उत्तर. एक जण सगळे डावपेच सांगत होता आणि दुसरा ते पाळत होता. सांगणारा स्वतः मात्र दर वेळी बुरकूट उचलत होता. अकरावा गेला, बारावा गेला, चौदावा गेला. सोळावाही गेला. मधले बरोबरीत सुटले. सतरावा संपला तेव्हा दोघे अगदी समान होते, आणि कुल्पाशने बोलणं सोडून दिलं होतं.

अठरावा होल उंचावरून सुरू होतो आणि सरळ खाली पडतो. एकशे पन्नास पावलं, हिरवळीच्या अलीकडे ओढा, पलीकडे उतार. बरोबर माझं अंतर. या एका होलवर तोलेबायने मला आठ वर्षांत किती वेळा फिरवलं असेल, त्याच्या वहीत आकडा आहे.

मेइरखानने मला हातात घेतलं आणि चेंडूमागे मांडलं. मग म्हणाला, "विचारू नये खरं तर."

"विचारा."

"कुठे?"

तोलेबायने दरीकडे बघितलं. मग बोट वर रोखलं. "झेंड्याकडे बघूच नका. वरच्या अंगाला तो पांढरा दगड आहे ना, तिथे. बाकी उतार बघून घेईल."

मी काय करणार होते? खराब लागता आलं असतं तर लागले असते का? मी त्यावर पुष्कळ विचार केलाय. माझ्यासारखीला फटका नीट बसला की नीटच लागावं लागतं. चेंडू पांढऱ्या दगडापाशी टेकला, वळला आणि हिरवळीवर येऊन थांबला. आणखी दोन फटक्यांत तो भोकात जाणार हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

तोलेबायने बुरकूटला हात घातला. मग थांबला. त्याने तिला गवतावर आडवी ठेवली आणि पाचर घेतली. शुद्धीवर आला तो, पण सात होल उशिरा. पाचरीने ओढ्याच्या अलीकडे, पाचरीनेच हिरवळीवर. झेंडा दोन पावलांवर. मेइरखानचे तीन फटके झाले. बरोबरीसाठी तोलेबायला एवढा एक चेंडू ढकलायचा होता. तो खाली बसला, उठला, दुसऱ्या बाजूने बसला. आणि त्याने उतार जास्त धरला. जन्मभर ज्याच्यावर विश्वास ठेवला त्याच्यावर त्या दिवशी चिमूटभर जास्तच ठेवला. चेंडू भोकाच्या वरच्या अंगाने निघून गेला.

तो काठीवर हात ठेवून उभा राहिला. मग टोपी काढून म्हणाला, "अभिनंदन व्याही. दोरी तुमची."

रविवारी तोलेबायच्या अंगणात पांढरी चादर अंथरली. मेइरखान मला आधाराची काठी करून घेऊन आला होता, म्हणून मीही हजर. झाऊरेने अकबोताला उभं केलं, पायांत काळी-पांढरी दोरी. बायका शेंगदाणे नि चॉकलेटं उधळायला ओच्यात घेऊन उभ्या होत्या.

तोलेबाय पुढे आला नाही. तो अंगणाच्या खालच्या बाजूला, दहा-बारा पावलांवर, कुंपणाशी जाऊन उकिडवा बसला.

"तिथे कुठे कोपऱ्यात?" कुल्पाशने हाक मारली. "इकडे या, लोक बघतायत."

"बसू दे गं."

मेइरखानने मला कुल्पाशच्या हाती दिलं, चाकू घेतला आणि एका झटक्यात दोरी कापली. जल्लोष झाला. तो लगबगीने समोर धावला, अगदी सरळ समोर, आणि हात पसरून म्हणाला, "ये गं माझ्या राणी, ये! आजोबाकडे ये!"

अकबोताने एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. नजर मेइरखानवर होती, तोंडाने हसत होती आणि त्याच्याकडेच निघाली होती. तिसऱ्या पावलाला ती जराशी डावीकडे झुकली. चौथ्याला आणखी. पाचव्यापासून तिचे पाय तिचे राहिले नाहीत, अंगणाच्या उताराचे झाले. मेइरखान सरळ उभा, आणि पोर खाली खाली, झपाझप, थेट कुंपणाशी बसलेल्या तोलेबायच्या मांडीत. त्याला हातही पुढे करावा लागला नाही. फक्त मिटावा लागला.

मग मेइरखान कमरेवर हात ठेवून ओरडला, "अहो व्याही! हे नाही सांगितलंत मला!"

तोलेबायने नातीच्या केसांत नाक खुपसलं होतं. तिथूनच म्हणाला, "तुम्ही विचारलं नाहीत."

याला आता चार वर्षं झाली. अकबोता कोणासारखी चालते यावर दोन्ही घरांत दोन मतं आहेत. मी मेइरखानच्या दिवाणखान्यात राहते. मला तेल लावतात, मऊ कापडाने पुसतात. दर शनिवारी दोघे व्याही उशबुलाकला खेळतात. मेइरखान अजून विचारतो, "इथून?" आणि तोलेबाय अजून खरं सांगतो. बुरकूट म्हणे टोमॅटोच्या वेलाला आधार देऊन उभी आहे.

तोलेबाय घरी येतो तेव्हा माझ्या समोरच्याच खुर्चीवर बसतो. मी कशी आहे, गंज तर नाही ना, सगळं एका नजरेत बघून घेतो. पण बोलत नाही. एक शब्द बोलला, नुसतं "बरी दिसते" म्हणाला, तरी मेइरखानला मला उचलून त्याच्या हातात द्यावं लागेल, आणि व्याह्याकडून असं काही काढून घ्यायला तोलेबायला आवडणार नाही. म्हणून तो पावसाबद्दल बोलतो, सफरचंदांबद्दल बोलतो आणि चहा पितो. मेइरखानही मला रोज पुसून बरोबर त्याच खुर्चीसमोर ठेवतो आणि वाट बघतो. कोण आधी हरतं ते बघायचं.

तेव्हा वाचकहो, एकच विनंती. तुम्ही कधी अल्माटीत मेइरखानच्या घरी आलात, चहा घेतलात, नजर माझ्यावर पडली आणि मी आवडले, तर मनात ठेवा. मोठ्याने म्हणू नका. तुमच्या गावाला डोंगर असेलही, पण मला दुसऱ्या एका माणसाकडे जायचंय.